थर्मामीटर कुठे टोचला, ते आधी सांगा



येत्या जिल्हा बैठकीत एक ठराव येणार आहे. मसुदा फिरतो आहे, तुमच्यापैकी पुष्कळांच्या हातात पडला असेल. ठराव असा : "घाटावरच्या आणि डोंगराळ महसूल मंडळांत हवामान केंद्राचे तापमान गावाच्या उंचीप्रमाणे दुरुस्त करून धरावे, आणि ही दुरुस्ती हजार मीटरला ६.५ अंश या शास्त्रमान्य दराने करावी."

ठराव लिहिणारे कार्यकर्ते तरुण आहेत, शिकलेले आहेत, त्यांची तळमळ खरी आहे. ठरावाचा पहिला अर्धा भाग सोळा आणे बरोबर आहे, त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले तरी उतरू. दुसरा अर्धा भाग मात्र चूक आहे. साधी चूक नाही, आपल्याच माणसाला मारणारी चूक आहे. तो जसाच्या तसा मंजूर झाला तर उद्या सरकार हसत हसत मान्य करील आणि म्हणेल, "तुम्हीच मागितले होते." म्हणून बैठकीच्या आधी हा लेख.

मीटर कुठे खुपसला?

कापूस घेऊन खरेदी केंद्रावर गेलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्याच्या वर कटती आणि १२ टक्क्यांच्या पुढे गाडी परत. मीटर तोच, गाडी तीच, कापूस तोच. पण मीटरची सळई वरच्या उन्हात वाळलेल्या थरात खुपसली तर एक आकडा येतो, आणि पहाटेच्या दवात भिजलेल्या बाजूने खुपसली तर दुसरा. मीटर खोटे बोलत नाही. खुपसणारा कुठे खुपसतो, त्यावर तुमच्या वर्षाच्या कष्टाचा भाव ठरतो.

थर्मामीटरचेही नेमके हेच आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळाला एक याप्रमाणे दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा सगळे आपोआप मोजले जाते. केंद्रे बसली हे चांगलेच झाले, त्याच्या विरोधात कोणी बोलत नाही. पण एका मंडळात दहा-वीस गावे. कुठे गाव टेकडीवर, कुठे नाल्याच्या काठी, कुठे पठारावर, कुठे घाटाच्या पायथ्याशी. यंत्राची सळई एकाच जागी खुपसलेली आणि आकडा सगळ्यांच्या माथी.

"आम्ही कापूस आणि ज्वारी पेरतो, आम्हाला तापमानाचे काय?" असे कोणी विचारील. फळबागवाल्याचा विमा थेट हवामान केंद्राच्या आकड्यावर चालतो. सलग इतके दिवस पारा अमुक अंशाखाली गेला तर भरपाई, नाही गेला तर राम राम. तुमचा-माझा विमा तसा नाही, हे खरे. पण आकडा आपल्याही घरात मागच्या दाराने येतो. फवारणी केव्हा, पेरणी केव्हा, हा कृषी सल्ला त्याच आकड्यावर निघतो. दुष्काळ ठरवण्याची केंद्राची २०१६ ची जी नियमपुस्तिका आहे, तिच्यात जमिनीतल्या ओलाव्याचा निर्देशांक आहे. हा ओलावा काढताना पिकाच्या आणि मातीच्या वाफेचा अंदाज लागतो, आणि वाफेच्या हिशेबात तापमान आलेच. २०२३ मध्ये याच पुस्तिकेच्या निकषांवर राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. तेव्हा अंशाचा प्रश्न फक्त संत्रावाल्याचा आणि केळीवाल्याचा नाही.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारले की तो आधी सांगतो, घाटावरचा की घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. भाषा थोडी वेगळी, माती वेगळी, पेरणीचे दिवस वेगळे. हा भेद कोणा साहेबाने आखलेला नाही, अजिंठ्याच्या डोंगराने आखला आहे.

आता हिशेब करू. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच. शेजारचे अकोला पूर्णेच्या खोऱ्यात, सुमारे २८० मीटरवर. फरक ३७० मीटर. ठरावातल्या ६.५ अंशांच्या दराने बुलढाणा अकोल्यापेक्षा २.४ अंशांनी थंड असले पाहिजे. बारा महिने, चोवीस तास.

असते का? मे महिन्यातला पेपर काढून पाहा. दुपारचे कमाल तापमान अकोल्याला ४३ असले तर बुलढाण्याला ३९-४० असते. म्हणजे फरक २.४ चा नाही, तीन-चार अंशांचा. आता डिसेंबर-जानेवारीचा पेपर काढा आणि किमान तापमानाचा रकाना पाहा. अकोल्याला ११ तर बुलढाण्याला १२ किंवा १३, अशा कित्येक सकाळी सापडतील. घाटावरचे गाव घाटाखालच्या गावापेक्षा उबदार! सूत्र म्हणते २.४ अंश वजा करा, आणि खरा आकडा तर अधिकच्या बाजूला पडला आहे. किती चुकले हे सोडाच, वजा की अधिक इथेच गणित उलटे झाले.

हे कोणत्याही महागड्या यंत्राने शोधलेले नाही. रोजच्या पेपरात दहा ओळींत छापलेले असते. आपण रकाना वाचतो, 'थंडी वाढली' म्हणतो आणि पान उलटतो.

हा साडेसहाचा आकडा आला कुठून?

शाळेच्या भूगोलात आपण घोकले : उंच जावे तसे थंड, १६०-१६५ मीटरला १ अंश. तोच आकडा हजार मीटरचा केला की सहा-साडेसहा होतो. आंतरराष्ट्रीय प्रमाण वातावरण म्हणून जो तक्ता आहे, त्यात हाच ६.५ चा दर धरला आहे. तो तक्ता वापरतात विमानवाले : उंची दाखवणारे यंत्र जुळवायला, इंजिनाची ताकद मोजायला. त्या कामासाठी सगळ्या जगात एकच ठरलेली हवा मानणे सोयीचे असते. याच तक्त्यात समुद्रसपाटीचे तापमान १५ अंश धरले आहे. मुंबईला मे महिन्यात १५ अंश! विमानवाल्याला ते चालते, कारण तो खऱ्या हवेचा फरक वेगळा मोजून घेतो. आपल्या वावरात मात्र विमान उतरत नाही, आपल्या वावरात दव उतरते.

६.५ ही सरासरी आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या ऋतूंची, दिवसाची आणि रात्रीची, जमिनीवरची आणि समुद्रावरची. आणि सरासरीने शेतकऱ्याचे काय केले, हे शेतकऱ्याला सांगायला नको. सरासरी पाऊस शंभर टक्के आणि पेरणी तीन वेळा, ही सरासरी आपण भोगली आहे.

खरा प्रकार असा आहे. दुपारी जमीन तापते, जमिनीला लागलेली हवा तापते आणि वर चढते. वर चढताना ती पसरते आणि थंड होते. हवा कोरडी असेल तर १०० मीटरला जवळपास १ अंश, नेमके बोलायचे तर हजार मीटरला ९.८ अंश उतरतात. अकोला-बुलढाण्याच्या ३७० मीटरला या दराने ३.६ अंश येतात. मे महिन्याच्या दुपारी पेपरात तेवढाच फरक दिसतो, कारण हवा कोरडी ठणठणीत असते आणि नीट घुसळलेली असते. पावसाळ्यात ढगात शिरलेली ओली हवा वर चढताना वाफेचे पाणी होते, त्यातून उष्णता सुटते, म्हणून ती निम्म्यानेच थंड होते. म्हणजे दिवसाचाही एक दर नाही. मे महिन्याचा वेगळा, श्रावणाचा वेगळा.

रात्र झाली की पाण्याचा नियम

आणि रात्रीचे काय? हिवाळ्यातली निरभ्र रात्र, वारा पडलेला. जमीन आपली ऊब आभाळाला देऊन टाकते आणि गार पडते. तिला लागून असलेली हवा गार पडते. गार हवा जड असते. जड वस्तू काय करते? उतारावरून खाली येते. टेकडीच्या अंगावरून, धुऱ्याच्या फटीतून, नाल्यानाल्याने ती पाण्यासारखी वाहत येते आणि खळग्यात साचते. पाझर तलावात पाणी साचते तशी नाल्याकाठच्या काळ्या वावरात थंडी साचते. उताराचा मधला पट्टा त्या मानाने उबदार राहतो. पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. आपल्याला पुस्तक लागत नाही. डिसेंबरच्या पहाटे मोटारसायकलवर गावाकडे येताना नाल्याचा उतार लागला की अंगात एकदम गारठा शिरतो, आणि पलीकडचा चढ चढला की सुटतो. दोन-पाच मिनिटांचा खेळ. त्या दोन-पाच मिनिटांत तुम्ही थंडीच्या तळ्यात शिरून बाहेर आलेले असता.

महाबळेश्वरचेच घ्या. गाव डोंगराच्या माथ्यावर, वेण्णा लेक त्याच्या खाली सखल भागात. सूत्राप्रमाणे तलाव गावापेक्षा उबदार हवा. प्रत्यक्षात जवळपास दर हिवाळ्यात बातमी येते की वेण्णा लेकच्या परिसरात दवबिंदू गोठले, गवतावर पांढरा थर आला. तेव्हा गावातल्या केंद्रावरचा पारा शून्याच्या बराच वर असतो. नाशिक जिल्ह्यात निफाड काही नाशिकपेक्षा उंच डोंगरावर वसलेले नाही, तरी थंडीच्या लाटेत पारा जास्त घसरल्याची बातमी निफाडची असते आणि द्राक्षवाला रात्री शेकोट्या पेटवत बसतो. उंचीचे सूत्र यातले काहीच सांगू शकत नाही.

ठराव कोणाला मारतो?

आता ठरावाकडे वळू. समजा, मंडळाचे केंद्र टेकाडावरच्या गावात आहे आणि तुमचे वावर ६० मीटर खाली नाल्याच्या काठी आहे. पहाटे केंद्रावर १३ अंशांची नोंद झाली. ठरावातले सूत्र काय करील? तुम्ही खाली आहात, म्हणून तुमच्या नावावर ०.४ अंश वाढवील. कागदावर तुमच्या वावरात १३.४ अंश. आणि खरोखर तिथे रात्रभर साचलेल्या थंडीत पारा ८-९ वर गेलेला असेल. तुरीचा फुलोरा करपला, हरभऱ्याचा शेंडा जळाला, आणि साहेबाच्या हातातला कागद म्हणतो की तुमच्याकडे थंडी पडलीच नाही. बिनसूत्राचा कागद निदान १३ म्हणत होता. आपण भांडून मिळवलेल्या सूत्राने तो आणखी चार दशांश उबदार झाला!

रब्बी ज्वारीचे बघा. पोटरीतून कणीस बाहेर पडण्याच्या सुमाराला सलग थंड रात्री आल्या तर परागकण निकामी होतात, आणि पुढे कणसात दाणा भरत नाही. मालदांडीसारखे जुने रब्बी वाण थंडी सोसतात, पण सोसण्यालाही सीमा असते. टेकाडावरचे कणीस भरलेले आणि खळग्यातले पोचट, एकाच शेतकऱ्याच्या एकाच बियाण्याचे, हे आपण पाहिले आहे. कागदावर थंडी नसली की दोष कोणाचा? बियाणेवाला म्हणतो, तुमची मशागत. अधिकारी म्हणतो, तुमचे बियाणे. थंडीचे नाव कोणी घेत नाही, कारण थंडीची नोंदच नाही.

कापसाचा हिशेब तर रोजच्या अंशांचा आहे. पऱ्हाटीची वाढ मोजताना दिवसाचे कमाल आणि किमान तापमान मिळवून निम्मे करतात आणि त्यातून १५.५ वजा करतात. उरेल ती त्या दिवसाची पिकाला मिळालेली ऊब. समजा, नोव्हेंबरात कमाल ३२ आणि किमान १६. सरासरी २४, ऊब ८.५. महिन्याची २५५. पण तुमच्या सखल वावरात किमान १६ नसून १२ असेल तर सरासरी २२, ऊब ६.५, महिन्याची १९५. जवळपास चौथा हिस्सा ऊब कमी. शेवटची बोंडे फुटायला लागणारा वेळ लांबतो, वेचणी लांबते, रान मोकळे व्हायला उशीर होतो. सल्ला देणारा मात्र २५५ धरून तुम्हाला तारखा सांगत असतो. तारीख चुकली की म्हणतात, शेतकरी अडाणी आहे, सल्ला ऐकत नाही.

'आमच्या संगणकात उंची धरली आहे'

दुसरी एक मंडळी म्हणतील, हा जुना वाद आहे, आता संगणक आहे, उपग्रह आहे, नकाशात उंची भरलेली आहे. संगणकाला माझा विरोध नाही. संघटनेने तंत्रज्ञानाला कधी विरोध केला नाही, उलट ते शेतकऱ्याला मिळावे म्हणून भांडण केले. पण संगणकाला खायला काय घातले, ते विचारायला हवे. हवामान खात्याने देशाच्या दैनंदिन तापमानाचा जो चौकोनी नकाशा तयार केला, त्यातला एक चौकोन अक्षांश-रेखांशाच्या १ अंशाचा, म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त लांब आणि तितकाच रुंद. सगळ्या देशासाठी आधार ३९५ केंद्रांचा. देशाची थंडी-गरमी पन्नास वर्षांत कशी बदलली, हे पाहायला तो उपयोगाचा आहे. त्याच्या एका चौकोनात घाट, घाटावरचे आणि घाटाखालचे असे सगळे मावते. पुढे कोणी चौकोन बारीक केले आणि उंचीप्रमाणे अंश वाटून दिले, तरी वाटण्याचा दर जर तोच ठरीव असेल तर बारीक चौकोनात बारीक चूक बसते, एवढेच. दिसायला मात्र दशांश चिन्हापुढे दोन आकडे असतात, आणि दशांश पाहिला की साहेबालाही वाटते हे शास्त्र आहे.

तिसरी मंडळी म्हणतील, केंद्रे वाढवा म्हणजे प्रश्न मिटला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'विंड्स' नावाची योजना काढली. तालुका पातळीवर स्वयंचलित केंद्रे आणि ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक. जास्त केंद्रे हवीतच. पण बसवणार कुठे? ग्रामपंचायतीची इमारत गावठाणात. आपल्या पूर्वजांनी गाव वसवले पांढरीत, उंचवट्यावर, आणि नांगर धरला काळीत, सखलात. केंद्र पांढरीत बसले तर ते पांढरीचे तापमान सांगेल. पीक काळीत आहे, आणि रात्रीची थंडीही काळीतच साचते. त्यात कोणी सोय म्हणून यंत्र सिमेंटच्या गच्चीवर ठेवले तर तापलेल्या स्लॅबचे तापमान हाती येईल. नियम आहे की तापमान मोकळ्या नैसर्गिक जमिनीवर, माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर, सावलीच्या हवेशीर पेटीत मोजावे. तुमच्या मंडळाचे केंद्र कसे आहे, हे जाऊन पाहिले का? उद्याच जा.

आणि ज्यांनी हा स्थानिक फरक समजून सांगायचा, ती माणसे कुठे आहेत? जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जी १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली होती, ती २०२४ मध्ये बंद करण्यात आली. यंत्र वाढले आणि यंत्राचा आकडा वावराला जुळवून सांगणारा माणूस घरी गेला. घाटावरच्या आणि घाटाखालच्या शेतकऱ्याला वेगवेगळा सल्ला देईल असे कोणीतरी जिल्ह्यात असावे, ही काय फार मोठी मागणी झाली?

मग उंचीची दुरुस्ती नकोच का?

हवी. हे स्पष्ट लिहितो, कारण उद्या कोणी म्हणेल की लेखकाने मागणीच मोडून काढली. दुरुस्ती न करणे म्हणजे चिखलदऱ्याच्या कोरकू शेतकऱ्याला परतवाड्याचा अंश लावणे. दोन्हींच्या उंचीत सातशे मीटरहून जास्त फरक आहे. मे महिन्याच्या दुपारी हा फरक न धरणारा आकडा सरळ खोटा आहे. दिवसाच्या कमाल तापमानाला उंचीची दुरुस्ती चांगली लागू पडते, फक्त दर त्या महिन्याचा हवा. किमान तापमानाला ती तशीच लावली की घात होतो. तिथे समुद्रसपाटीपासूनची उंची फारशी काही सांगत नाही. वावर आजूबाजूच्या रानापेक्षा उंच आहे की सखल, हे सांगते.

बरोबर दुरुस्ती कशी होते? एकाच खोऱ्यात तळाला, उतारावर आणि माथ्यावर अशी तीन ठिकाणी केंद्रे ठेवायची. वर्ष-दोन वर्षे मोजायचे. प्रत्येक महिन्याचा, दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा फरक काढायचा. मग ज्या गावात केंद्र नाही, त्याला तो फरक लावायचा. यात अवघड शास्त्र काहीच नाही. लागते ते मोजण्याचे कष्ट आणि लोकांसमोर हिशेब मांडण्याची तयारी. सूत्र फुकट मिळते, मोजणीला पैसे पडतात, म्हणून सरकारला सूत्र आवडते.

आणखी एक कडू गोष्ट. कधी कधी चुकीचा आकडा आपल्या फायद्याचाही असतो. घाटावरच्या गावाला घाटाखालच्या केंद्राचा अंश लावला तर कागदावर गरमी वाढते, वाफ वाढते, ओलावा कमी दिसतो आणि दुष्काळ जास्त दिसतो. आपल्यातलाच एखादा म्हणेल, मग बोंब कशाला मारता? बोंब यासाठी मारायची की ज्या चुकीने यंदा मला मिळाले, त्याच चुकीने पुढच्या साली माझ्या खालच्या भावाचे जाईल. काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याशी आपण भांडलो ते काटा आपल्या बाजूला झुकावा म्हणून नव्हे, काटा सरळ असावा म्हणून. मेहेरबानीचा अंश नको, खरा अंश हवा.

ठराव असा असावा

माझी सूचना आहे की ठरावातून ६.५ हा आकडा काढून टाकावा आणि पुढील मागण्या घालाव्यात :

१) प्रत्येक हवामान केंद्राची उंची, ते माथ्यावर आहे, उतारावर आहे की खळग्यात, जमिनीवर आहे की गच्चीवर, याची माहिती मंडळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी.

२) यंत्राने मोजलेला मूळ आकडा आणि दुरुस्त केलेला आकडा, दोन्ही शेजारी छापावेत. दुरुस्ती कोणत्या हिशेबाने केली, ते मराठीत लिहावे.

३) कमाल आणि किमान तापमानाची दुरुस्ती वेगवेगळी आणि महिन्यावार असावी. ती याच जिल्ह्यात मोजलेल्या फरकावर असावी, पुस्तकातल्या ठरीव दरावर नको.

४) ज्या मंडळात माथा आणि खोरे दोन्ही आहेत, तिथे दुसरे केंद्र सखल वावरात बसवावे.

५) हे होईपर्यंत थंडीने झालेल्या नुकसानीचा अर्ज केवळ केंद्राच्या आकड्यावर फेटाळू नये. वावरात येऊन पंचनामा करावा.

आपण काय करायचे?

नुसत्या मागण्या करून घरी बसणारी आपली चळवळ नाही. ज्यांच्या गावात टेकाड आणि नाला दोन्ही आहेत, त्यांनी या हिवाळ्यात गावात दोन कमाल-किमान थर्मामीटर आणावेत. कोंबड्यांचे शेड असणाऱ्याला कुठे मिळतात ते ठाऊक असते. आधी दोन्ही आठ दिवस एकाच जागी शेजारी ठेवा, म्हणजे यंत्रायंत्रातला फरक कळेल आणि तो हिशेबात धरता येईल. मग एक टेकाडावर आणि एक नाल्याकाठच्या वावरात लावा. पांढरी रंगवलेली, झरोक्यांची लाकडी पेटी, जमिनीपासून चार फुटांवर, दार उत्तरेला म्हणजे ऊन आत येत नाही. रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खातेही त्याच वेळी वाचते. शाळेच्या वहीत तारीख, कमाल, किमान, आभाळ निरभ्र की ढगाळ, वारा होता की नव्हता, एवढे लिहा. वहीवर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. घरातल्या शाळकरी पोरीला हे काम द्या, ती तुमच्या-माझ्यापेक्षा नेमाने करील. कार्तिकापासून माघापर्यंत लिहा.

माघानंतरच्या जिल्हा बैठकीला अशा पन्नास वह्या आल्या, तर कोणत्याही साहेबाने टेबलावर कोणताही कागद ठेवू दे, आपण त्याच्या शेजारी आपली वही ठेवू. कागद म्हणेल १३.४. वही म्हणेल ८. मग साहेबाला एकच प्रश्न विचारायचा, जो आपण खरेदी केंद्रावर इतकी वर्षे विचारत आलो आहोत :

साहेब, मीटर कुठे खुपसला होता?